तुर्की खोगिरातील गाठ

ॲक्रोमेगॅली हे नाव ज्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले, त्यांपैकी एकाचा अर्थ टोक आणि दुसऱ्याचा अर्थ मोठे असा आहे, आणि शरीराची टोके, म्हणजे हात, पावले, नाक, ओठ आणि खालचा जबडा, प्रौढ वयात पुन्हा वाढू लागणे हे या विकाराचे ठळक लक्षण त्या नावातच सांगितलेले आहे. मात्र ज्या अवयवात विकाराचे मूळ असते, त्याचा त्या नावात उल्लेख नाही, कारण १८८६ साली हे नाव रूढ झाले तेव्हा ते मूळ कोणालाच निश्चितपणे ठाऊक नव्हते. कवटीच्या तळाशी, जतुकास्थी नावाच्या हाडात एक खोलगट बैठक असते. तिच्या आकारावरून शरीररचनाशास्त्रज्ञांनी तिला ‘तुर्की खोगीर’ म्हटले. या खोगिरात वाटाण्याएवढी एक ग्रंथी बसलेली असते, जिला मराठीत कधी पोष ग्रंथी तर कधी पीयूषिका ग्रंथी म्हणतात. तिच्या पुढच्या भागातील काही पेशी वृद्धी संप्रेरक स्रवतात, आणि या पेशींची सौम्य, म्हणजे कर्करोगाची नसलेली, गाठ झाली की संप्रेरक बेसुमार पाझरू लागते. आज चार वाक्यांत सांगता येणारी ही गोष्ट उलगडण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि त्या वाटचालीत ज्यांच्या हाडांनी साक्ष दिली त्यांपैकी काहींनी ती स्वखुशीने दिलेली नव्हती.

विकार नवा नव्हता, नवे होते ते त्याला एक विकार म्हणून ओळखणे. १७७२ साली निकोला सोसरोत या फ्रेंच शल्यविशारदाने हाडे अवाढव्य वाढलेल्या एका पुरुषाचे वर्णन पॅरिसमधील शल्यचिकित्सा अकादमीपुढे ठेवले होते, आणि १८६४ साली आंद्रेआ व्हेर्गा या इटालियन वैद्याने अशाच एका रुग्णाच्या चेहऱ्याची रुंदी पाहून त्या अवस्थेला चेहरा पसरण्याचा रोग अशा अर्थाचे नाव दिले होते. ही वर्णने अचूक असूनही एकमेकांपासून तुटलेली राहिली, कारण प्रत्येक निरीक्षकाला आपला रुग्ण हा सृष्टीचा एकटाच अपवाद वाटला. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांच्या हाताखाली काम करणाऱ्या प्येर मारी यांनी १८८६ साली दोन स्त्री-रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध करताना जुन्या नोंदी शोधून त्यांच्याशी ताडून पाहिल्या आणि विखुरलेल्या अपवादांमागे एकच रोग आहे असे मांडले. मारी यांचे श्रेय या जुळवाजुळवीत आहे, आणि वैद्यकाच्या इतिहासात नवे लक्षण शोधणाऱ्यापेक्षा जुनी लक्षणे एका सूत्रात ओवणाऱ्याचे काम अनेकदा अधिक कठीण ठरलेले दिसते.

पुढच्याच वर्षी ओस्कर मिंकोव्स्की यांनी या रुग्णांमध्ये पीयूषिका ग्रंथी वाढलेली आढळते याकडे लक्ष वेधले, आणि तेथून एका दीर्घ वादाला तोंड फुटले. ग्रंथी वाढलेली आहे याचा अर्थ काय, हा तो वाद होता. शरीरातील सर्व टोके वाढत असताना तीही वाढली असेल, तर तिची वाढ हा रोगाचा एक परिणाम ठरतो. ती आधी वाढली असेल, तर ती कारण ठरते. ती कारण असली तरी तिचे काम वाढले की बिघडून थांबले, हा प्रश्न उरतोच. त्या काळी अंतःस्रावी ग्रंथींविषयी जे थोडे ज्ञान होते ते मुख्यतः अवटू ग्रंथीवरून आलेले होते. अवटू नष्ट झाली की अंगाला सूज येते आणि मेंढीच्या अवटूचा अर्क दिला की ती ओसरते, हे १८९१ च्या सुमारास सिद्ध झाले होते. साहजिकच मारी यांच्यासह अनेकांना पीयूषिकेच्या बाबतीतही काहीतरी कमी पडत असावे असे वाटले, आणि काही वैद्यांनी ॲक्रोमेगॅलीच्या रुग्णांना प्राण्यांच्या पीयूषिकेचा अर्क खाऊ घातला. एका ग्रंथीबाबत खरे ठरलेले तर्कशास्त्र शेजारच्या ग्रंथीला लावल्यामुळे झालेली ही चूक होती, आणि तिच्याकडे आज तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही, कारण हाती असलेल्या एकमेव दिव्याच्या उजेडातच कोणीही शोध घेतो. स्राव कमी नसून जास्त आहे ही उलट बाजू मासालोंगो आणि तांबुरिनी या इटालियन अभ्यासकांनी १८९० नंतरच्या दशकात मांडली, आणि १९०० च्या सुमारास बर्लिनच्या कार्ल बेंडा यांनी या गाठींतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी ग्रंथीतील रंगग्राही पेशींसारख्याच असून भरपूर कणांनी भरलेल्या आहेत हे दाखवल्यावर त्या बाजूला बळ मिळाले. मेलेली किंवा थकलेली ग्रंथी अशी दिसत नाही.

या वादाला समांतर दुसरा एक प्रश्न, राक्षसी उंचीचा या रोगाशी काय संबंध हा, सुटत होता, आणि त्यासाठी पुरावा रुग्णालयांतून न येता संग्रहालयांतून आला. अठराव्या शतकातील युरोपात असामान्य उंचीची माणसे जत्रांत आणि शहरांतील भाड्याच्या खोल्यांत पैसे घेऊन दाखवली जात, आणि त्यांच्या मृत्यूनंतर शरीररचनाशास्त्रज्ञ त्यांचे सांगाडे मिळवण्यासाठी धडपडत. त्यांपैकी सर्वाधिक ज्ञात नाव चार्ल्स बर्न याचे आहे. १७६१ साली उत्तर आयर्लंडमध्ये, लंडनडेरी आणि टायरोन या परगण्यांच्या सीमेवरील एका खेड्यात जन्मलेला हा तरुण १७८२ साली लंडनला आला, ‘आयरिश राक्षस’ म्हणून त्याचे प्रदर्शन सुरू झाले, आणि १ जून १७८३ रोजी, अवघ्या २२ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. जाहिरातींत त्याची उंची आठ फूट सांगितली जाई. सांगाडा मोजल्यावर ती सुमारे २.३१ मीटर, म्हणजे सात फूट सात इंच भरते. आपले शरीर विच्छेदकांच्या हाती पडू नये म्हणून ते समुद्रात बुडवावे, अशी त्याची इच्छा होती आणि ती त्याच्या मित्रांना व वृत्तपत्रांनाही माहीत होती. तरीही प्रख्यात शल्यविशारद जॉन हंटर यांनी पैसे देऊन शव मिळवले, ते घाईने उकळून हाडे वेगळी केली आणि काही वर्षांनी सांगाडा आपल्या संग्रहालयात उभा केला. हंटर यांच्या मृत्यूनंतर सरकारने त्यांचा संग्रह १७९९ साली विकत घेतला आणि तो शल्यविशारदांच्या संस्थेकडे, म्हणजे पुढे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेकडे सोपवला.

हंटर हे त्यांच्या काळातील सर्वांत तीक्ष्ण निरीक्षकांपैकी एक होते, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की या सांगाड्यापुढे त्यांना उंचीखेरीज काही दिसले नाही. कवटीच्या आतील खोगीर त्यांनी उघडून पाहिले नाही, कारण तेथे पाहण्यासारखे काही असेल असा प्रश्नच त्या काळात उपलब्ध नव्हता. तो प्रश्न शंभर वर्षांनी उपलब्ध झाला. १८९१ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डॅनिएल कनिंगहॅम यांनी कॉर्नेलियस मॅग्राथ या १७६० साली मरण पावलेल्या दुसऱ्या आयरिश ‘राक्षसाचा’ सांगाडा मारी यांच्या वर्णनाशी ताडून पाहिला आणि त्यात ॲक्रोमेगॅलीच्या खुणा व पीयूषिकेची रुंदावलेली बैठक दाखवून दिली. १८९५ साली एदुआर ब्रिसो आणि हेन्री मेज या फ्रेंच वैद्यांनी त्यापुढचा निष्कर्ष काढला: राक्षसी उंची आणि ॲक्रोमेगॅली हे दोन रोग नसून एकच रोग दोन वयांत झाला की दोन रूपे धरतो.

या निष्कर्षाचे कारण हाडांच्या रचनेत आहे. लहान वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, एक थर असतो आणि त्यातून हाड लांबीने वाढते. पौगंडावस्था संपताना हा थर हाडात रूपांतरित होऊन बुजतो आणि उंची थांबते. थर बुजण्यापूर्वी वृद्धी संप्रेरक जास्त झाले तर माणूस उंच होत राहतो, बुजल्यानंतर जास्त झाले तर हाडाला लांबीने जाण्याची वाट उरत नाही आणि ते जाडीने, रुंदीने वाढते. जबड्यासारख्या काही जागी वाढीची क्षमता टिकून असल्यामुळे हनुवटी पुढे येते व दातांत फटी पडतात, मऊ ऊती जाड झाल्यामुळे अंगठी बोटात जात नाही, पावलांना मोठी चप्पल लागते, जीभ आणि घशातील ऊती वाढल्यामुळे घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे सुरू होते. मनगटातील अरुंद मार्गात चेता दाबली जाऊन हाताला मुंग्या येतात, घाम फार येतो, रक्तदाब आणि रक्तातील साखर वाढते, हृदयाचे स्नायू जाड होतात. हे सारे वर्षानुवर्षे इतक्या संथपणे घडते की रोज आरशात पाहणाऱ्याला किंवा रोज भेटणाऱ्या घरच्यांना ते जाणवत नाही, आणि बऱ्याच दिवसांनी भेटलेला नातेवाईक किंवा जुना फोटो पाहणारा डॉक्टर ते एका दृष्टिक्षेपात ओळखतो. निदानाला अनेक वर्षे उशीर होतो तो याच कारणाने.

कारण आणि परिणाम यांचा वाद शेवटी शस्त्रक्रियेने मिटवला. १९०७ साली इन्सब्रुक येथे हेरमान श्लॉफर यांनी नाकाच्या आणि जतुकास्थीच्या मार्गाने खोगिरापर्यंत पोहोचून गाठ काढण्याचा पहिला प्रयत्न केला, पुढच्या वर्षी व्हिएन्नाचे युलियुस होखेनेग्ग यांनी ॲक्रोमेगॅलीच्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली, आणि १९०९ साली अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे हार्वी कुशिंग यांनी अशाच एका शेतकऱ्याच्या गाठीचा काही भाग काढला. गाठ कमी केल्यावर रुग्णाच्या वाढलेल्या मऊ ऊती ओसरू लागल्या, आणि ग्रंथीचा भाग काढल्याने रोग हटत असेल तर तो ग्रंथीच्या उणिवेचा नसून अतिरेकाचा असला पाहिजे, हा कुशिंग यांचा युक्तिवाद त्यानंतर टिकून राहिला. त्याच १९०९ साली कुशिंग लंडनला गेले असता हंटर यांच्या संग्रहालयाचे प्रमुख आर्थर कीथ यांच्यासह त्यांनी चार्ल्स बर्न याची कवटी उघडली आणि आत रुंदावलेले तुर्की खोगीर सापडले. हाडे तीच होती, ती काचेआड उभी होतीच. बदलला होता तो पाहणाऱ्यांचा प्रश्न.

नाकाच्या मार्गाची पुढची कहाणी गुरुशिष्य परंपरेसारखी आहे. कवटी वरून उघडणे अधिक श्रेयस्कर वाटल्यामुळे कुशिंग यांनी स्वतःच १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो मार्ग सोडला आणि जगभरातील बहुतेक शल्यविशारदांनी त्यांचे अनुकरण केले. परंतु त्यांच्याकडे शिकलेले एडिंबराचे नॉर्मन डॉट यांनी तो चालू ठेवला, डॉट यांच्याकडून १९५० च्या दशकात पॅरिसचे झेरार गियो यांनी तो उचलला आणि गियो यांच्याकडे शिकलेले माँट्रियलचे ज्यूल हार्डी यांनी १९६० च्या दशकात त्याला शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. निरोगी ग्रंथी तशीच ठेवून केवळ गाठ उचलणे त्यामुळे शक्य झाले, आणि आज जगभर ॲक्रोमेगॅलीचा पहिला उपाय म्हणून जी शस्त्रक्रिया केली जाते ती याच परंपरेतून आली. एका शल्यविशारदाने हट्टाने न सोडलेली पद्धत अशी पुढच्या दोन पिढ्यांच्या कामी आली.

ग्रंथी जे स्रवते ते नेमके काय, याचा शोध मात्र प्रयोगशाळेत लागला. १९२१ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि जोसेफ लाँग यांनी बैलाच्या पीयूषिकेच्या पुढच्या भागाचा अर्क उंदरांना टोचून त्यांना राक्षसी आकाराचे बनवले. पुढे १९४० च्या दशकात चो हाओ ली आणि इव्हान्स यांनी प्राण्यांचे वृद्धी संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तेव्हा खुज्या मुलांना ते देऊन उंची वाढवता येईल अशी आशा निर्माण झाली, पण गाईबैलांचे संप्रेरक माणसावर चालत नाही असे आढळले. १९५६ च्या सुमारास मानवी संप्रेरक वेगळे करता आले, आणि १९५८ साली बोस्टनचे मॉरिस रेबेन यांनी ते दिल्याने एका किशोराची उंची वाढल्याचे जाहीर केले. हे संप्रेरक मिळवण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे मृतदेहांतील पीयूषिका गोळा करणे. पंचवीसएक वर्षे अनेक देशांत हे चालले, आणि १९८५ साली असे संप्रेरक लहानपणी घेतलेल्या काही तरुणांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब नावाच्या मेंदूच्या असाध्य रोगाने मृत्यू आल्याचे उघड झाले. कोणा एका मृताच्या ग्रंथीतील दूषित प्रथिन एकत्र केलेल्या अर्कातून त्यांच्यापर्यंत पोहोचले होते. वितरण तत्काळ थांबले. जनुकीय तंत्राने जिवाणूंकडून संप्रेरक तयार करून घेण्याची पद्धत तोवर सिद्ध झालेली होती आणि त्याच वर्षी अमेरिकेत तिला मान्यता मिळाली, त्यामुळे उणिवेचा उपचार थांबला नाही. पण ज्या कुटुंबांनी मुलांच्या भल्यासाठी वर्षानुवर्षे इंजेक्शने दिली त्यांच्यापैकी काहींच्या वाट्याला जे आले त्याची भरपाई या सुदैवी योगायोगाने होत नाही.

अतिरेक मोजण्याची अडचण वेगळी होती. पीयूषिका हे संप्रेरक दिवसभर एकसारखे न सोडता लाटांनी, विशेषतः गाढ झोपेत, सोडते, त्यामुळे एका वेळी काढलेल्या रक्तातील प्रमाणावरून काहीच ठरत नाही. न्यूयॉर्कमध्ये सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यालो यांनी किरणोत्सर्गी खुणेच्या साहाय्याने रक्तातील अत्यल्प संप्रेरक मोजण्याची जी पद्धत शोधली, तिने १९६३ सालापासून वृद्धी संप्रेरकही मोजता येऊ लागले, आणि ग्लुकोज पाजल्यावर निरोगी माणसात ते झपाट्याने खाली येते तर ॲक्रोमेगॅलीत येत नाही, ही आजही वापरली जाणारी कसोटी हाती आली. त्याआधी १९५७ सालीच सॅल्मन आणि डॉहडे यांनी दाखवले होते की वृद्धी संप्रेरक कूर्चेवर आपला बराचसा परिणाम थेट न करता रक्तातील दुसऱ्या एका घटकामार्फत करते. मुख्यतः यकृतात तयार होणारा हा घटक पुढे इन्सुलिनसदृश वृद्धी घटक-१ म्हणून ओळखला गेला, आणि त्याचे प्रमाण दिवसभर जवळपास स्थिर राहत असल्यामुळे निदानाची पहिली रक्तचाचणी तीच झाली.

ग्रंथीवर कोणाचा अंमल चालतो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका रुग्णाच्या गाठीने अनपेक्षित मदत केली. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातून पीयूषिकेला वाढीचा आदेश देणारे द्रव्य येत असावे असा कयास होता, आणि ते शोधणाऱ्या रॉजर गियमँ यांच्या गटाला १९७३ साली मेंढ्यांच्या मेंदूतून नेमके त्याच्या उलट काम करणारे, संप्रेरक रोखणारे द्रव्य सापडले, तेच सोमॅटोस्टॅटिन. आदेश देणारे द्रव्य मात्र हुलकावणी देत राहिले, कारण मेंदूत त्याचे प्रमाण फार थोडे असते. दरम्यान अमेरिकेतील व्हर्जिनियात ॲक्रोमेगॅलीच्या एका रुग्णाच्या पीयूषिकेवर शस्त्रक्रिया केली असता तेथे गाठ न सापडता सर्व ग्रंथीच फुगलेली आढळली, आणि तिला सतत डिवचणारे द्रव्य त्या रुग्णाच्या स्वादुपिंडातील गाठीतून येत असल्याचे लक्षात आले. या आणि फ्रान्समधील अशाच एका रुग्णाच्या स्वादुपिंडातील गाठीतून १९८२ साली ते द्रव्य वेगळे करण्यात आले. सोमॅटोस्टॅटिन शरीरात काही मिनिटांतच नष्ट होते, म्हणून त्याच्या १४ अमिनो आम्लांऐवजी आठच ठेवून टिकाऊ केलेले ऑक्ट्रिओटाइड हे औषध १९८० च्या दशकात आले. शस्त्रक्रियेने पूर्ण न निघालेल्या गाठींसाठी ते आजही मुख्य आधार आहे.

एखाद्या पेशीची गाठ मुळात का होते, याचे पहिले ठोस उत्तर १९८९ साली मिळाले. अशा गाठींपैकी सुमारे ४० टक्के गाठींत एका प्रथिनातील जनुकीय बदलामुळे ‘वाढा’ हा आदेश कायमचा चालू अवस्थेत अडकतो, जणू हायपोथॅलॅमसकडून निरोप येत नसतानाही पेशीच्या आत तो सतत ऐकू येत राहतो. हा बदल त्या एका पेशीत आयुष्यात केव्हातरी घडतो आणि संततीत उतरत नाही. याच साखळीतील वरची कडी जन्मतःच तुटलेली असली की उलटे घडते, आणि त्याचा एक पुरावा भारतीय उपखंडात आहे: आदेश स्वीकारणाऱ्या ग्राहकाच्या जनुकातील एका बदलामुळे येणारा खुजेपणा १९९६ साली एका भारतीय मुस्लिम कुटुंबात ओळखला गेला, तोच बदल सिंधमधील एका वस्तीत प्रौढ पुरुषांची उंची सुमारे १३० सेंटीमीटरवर थांबवतो असे आढळले, आणि पश्चिम भारतातील आणखी काही कुटुंबांतही तो सापडला.

संततीत उतरणाऱ्या अतिरेकाचे उदाहरण पुन्हा लंडनच्या त्या काचेपाशी आणून सोडते. २००६ साली फिनलंडमधील संशोधकांनी पीयूषिकेच्या गाठींची प्रवृत्ती देणारे एआयपी नावाचे जनुक शोधले, आणि लंडनमधील मार्ता कोर्बोनित्स यांच्या गटाने चार्ल्स बर्न याच्या दोन दातांतून डीएनए काढून त्यातील एआयपी जनुकात बदल असल्याचे २०११ साली प्रसिद्ध केले. तोच बदल आज उत्तर आयर्लंडमध्ये राहणाऱ्या चार कुटुंबांत सापडला, आणि गणिताने असे दाखवले की बर्न आणि ही कुटुंबे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका समान पूर्वजापासून आलेली असावीत. पुढच्या सर्वेक्षणात मिड-अल्स्टर भागात साधारण दर १५० माणसांत एकाकडे हा बदल आढळला. ज्यांच्याकडे तो असतो त्यांपैकी बहुतेकांना गाठ कधीच होत नाही. परंतु ज्या मुलाला ती होते त्याची उंची वेळीच रोखता येते, दृष्टीच्या चेता दाबल्या जाण्यापूर्वी गाठ काढता येते, आणि त्या भागातील कुटुंबांना आता तपासणी करून घेता येते.

या निष्कर्षाने बर्न याच्या हाडांचा वैज्ञानिक उपयोग सिद्ध झाला आणि त्याच वेळी त्यांच्यावरचा हक्क कोणाचा, हा प्रश्न अधिक तीव्र झाला, कारण डीएनए वाचून झाल्यावर सांगाडा लोकांना दाखवत राहण्याचे कारण उरत नाही असे अनेक अभ्यासकांनी लिहिले, तर पुढे नव्या चाचण्या येतील म्हणून तो जपला पाहिजे असे इतरांनी म्हटले. २०१७ साली दुरुस्तीसाठी बंद झालेले हंटेरियन संग्रहालय पुन्हा उघडण्यापूर्वी, जानेवारी २०२३ मध्ये, सांगाडा यापुढे प्रदर्शित केला जाणार नाही पण संशोधनासाठी ठेवला जाईल, असे जाहीर झाले. समुद्र त्याला अद्याप मिळालेला नाही. जोशुआ रेनल्ड्स यांनी रंगवलेल्या जॉन हंटर यांच्या व्यक्तिचित्रात, टेबलाशी विचारमग्न बसलेल्या हंटर यांच्या मागे, वरच्या कडेला, अर्धवट कापलेली दोन लांब पायांची हाडे लोंबताना आजही दिसतात.